शिवी कुणाची, दंड कुणाला?

जून २०१८. अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईचा ५-० असा फडशा पाडला. कर्णधार सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल केले. आणि एवढा सोहळा बघायला हजर होते २,५६९ लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने समाजमाध्यमांवर एक व्हिडिओ टाकला. त्याच्या बोलण्याचा आशय असा, की इंटरनेटवर बसून आम्हाला शिव्या देण्यात काय मजा आहे, मैदानात या, आमच्या तोंडावर ओरडा, तोंडावर शिव्या द्या, पण या. दोनच दिवसांनी केनियाविरुद्धच्या सामन्याला तेच मैदान खच्चून भरलं.

गंमत अशी, की जगभरातल्या फुटबॉल संघटना नेमक्या याच्या उलट धडपडीत असतात. मैदानावरच्या शिव्या बंद व्हाव्यात म्हणून त्या दंड लावतात, स्टेडियम रिकामी ठेवायला लावतात, पंचांना सामना थांबवण्याचे अधिकार देतात. तरी शिव्या काही थांबत नाहीत. त्या का थांबत नाहीत, थांबवायच्या तरी कुठल्या, आणि शिवी देणारा एक असताना दंड भलत्याच्याच नावावर का फाटतो, हे जरा उलगडून पाहू. कोल्हापूरच्या वाचकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. तिथे आपण शेवटी येणारच आहोत.

सुरुवात नियमपुस्तकापासून. फुटबॉलच्या बाराव्या नियमाप्रमाणे खेळाडूने अपमानास्पद किंवा शिवराळ भाषा वापरली तर पंच त्याला थेट लाल कार्ड दाखवू शकतो. २०१९ पासून बाकावर बसलेल्या प्रशिक्षकालाही कार्ड दाखवता येतं. प्रेक्षकाला मात्र पंच काहीही दाखवू शकत नाही. फार तर तो सामना थांबवेल, काही वेळ तहकूब करेल किंवा रद्द करेल. म्हणजे गॅलरीतल्या चार जणांसाठी त्याच्या हातात जी शिक्षा आहे, ती बाकीच्या हजारोंनाही भोगावी लागते.

याचं कारण संघटनेच्या रचनेत आहे. फिफाच्या खाली आशियाई महासंघ, त्याखाली अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, त्याखाली महाराष्ट्रापुरती विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन), तिच्याखाली जिल्ह्याची संघटना आणि शेवटी क्लब. या साखळीतल्या प्रत्येकाने वरच्याचे नियम मान्य केलेले असतात. प्रेक्षकाने मात्र कुठेच सही केलेली नसते. तो तिकीट काढून आत येतो, घसा मोकळा करतो आणि घरी जातो. फिफाला त्याचं नावही ठाऊक नसतं. मग हात पोहोचतो त्यालाच धरायचं, हा साधा हिशेब. पोराने शेजाऱ्याची काच फोडली की भरपाई बापाच्या खिशातून जाते, तसा समर्थकांच्या वागण्याचा दंड क्लबच्या किंवा देशाच्या संघटनेच्या खिशातून जातो.

फिफाची शिस्तसंहिता तर आणखी एक पाऊल पुढे जाते. बंदोबस्तात आमच्याकडून कसूर झाली नाही, हे क्लबने सिद्ध केलं तरी जबाबदारी सुटत नाही. मैदानात घुसणं, वस्तू फेकणं, फटाके, लेझरचे झोत, आक्षेपार्ह घोषणा, राष्ट्रगीताच्या वेळी गोंधळ हे सगळं त्या यादीत आहे. २०२२ च्या मार्चमध्ये सेनेगलच्या प्रेक्षकांनी इजिप्तच्या मोहम्मद सलाहच्या चेहऱ्यावर पेनल्टीच्या वेळी हिरव्या लेझरचा मारा केला होता. त्यासह एकूण गोंधळाबद्दल सेनेगलच्या संघटनेला १,७५,००० स्विस फ्रँक दंड झाला आणि एक सामना रिकाम्या स्टेडियममध्ये खेळावा लागला. लेझर धरणारे हात कुणाचे होते, याच्याशी त्या शिक्षेचा काही संबंध नव्हता.

अन्याय वाटतो ना? आहेच. पण दुसरी बाजूही ऐका.

प्रेक्षकांचा आवाज हा निव्वळ आवाज नसतो, तो निकालात उतरतो. इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग झाला होता. ४० पात्रताधारक पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्यातल्या सामन्याचं चित्रीकरण दाखवून प्रत्येक टॅकल फाउल आहे की नाही हे विचारलं. काहींना गर्दीचा आवाज ऐकवला, बाकीच्यांसाठी आवाज बंद ठेवला. ज्यांना आवाज ऐकू येत होता, त्यांनी यजमान संघाविरुद्ध लक्षणीय कमी फाउल दिले. पुढे कोविडच्या काळात तर सगळं जगच प्रयोगशाळा झालं. रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले, आणि युरोपातल्या लीगच्या आकडेवारीत दिसलं की पाहुण्या संघाला मिळणारी पिवळी कार्डं घटली. म्हणजे पंच प्रामाणिक असला तरी दहा हजार गळे एकदम ओरडले की त्याचा हात खिशाकडे जातो. गॅलरीत उभं राहून पंचाच्या नावाने शंख करणारा माणूस वेडा नसतो. आपल्या ओरडण्याने काहीतरी होतं, हा त्याचा अनुभव असतो आणि तो खरा असतो. आणि त्याचा फायदा क्लबला मिळत असेल, तर तोटाही क्लबनेच सोसावा, हा दंडामागचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही.

प्रश्न इतकाच उरतो, की अशा दंडाने फरक पडतो का? यासाठी मेक्सिकोकडे पाहायला हवं. या विषयात मेक्सिकोइतका लांबलचक धडा दुसऱ्या कुणी गिरवलेला नाही.

प्रतिस्पर्धी गोलरक्षक गोल किक मारायला धावतो, तेव्हा मेक्सिकोचे प्रेक्षक आवाज चढवत नेतात आणि पाय चेंडूला लागताक्षणी एक शब्द फेकतात. समलिंगी पुरुषांना हिणवणारी ती शिवी आहे. ‘आम्ही तिचा तो अर्थ घेतच नाही, ही नुसती थट्टा आहे’ असं तिथले अनेक प्रेक्षक वर्षानुवर्षं सांगत आले. (आपल्याकडे मैदानावर आईबहिणीचा उद्धार करणारेही हेच सांगतात.) २०१४ च्या विश्वचषकात फिफाने चौकशी केली आणि त्या विशिष्ट संदर्भात हा प्रकार अपमानकारक धरता येत नाही, असं म्हणून सोडून दिलं. मग धोरण फिरलं. पुढच्या काही वर्षांत मेक्सिकोच्या महासंघाला याच घोषणेबद्दल डझनभराहून अधिक वेळा दंड झाला. महासंघाने दंड भरला. प्रेक्षक ओरडत राहिले. खेळाडूंनी विनवण्या करणारे व्हिडिओ केले. प्रेक्षक ओरडत राहिले. २०२१ मध्ये सामने बंद दाराआड खेळवण्याची शिक्षा झाली. महासंघाने तिकीट घेणाऱ्याची नोंदणी सक्तीची केली, ओरडताना सापडल्यास पाच वर्षं बंदी जाहीर केली. २०२२ च्या कतार विश्वचषकातल्या घोषणांसाठी पुन्हा १ लाख स्विस फ्रँक दंड. आणि जून २०२३ मध्ये लास वेगासला अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात मेक्सिको ०-३ ने मागे असताना पुन्हा तीच घोषणा झाली. पंचांनी आधी खेळ थांबवला आणि शेवटी भरपाई वेळ संपण्याआधीच शिट्टी वाजवून सामना गुंडाळला.

हे वाचून मेक्सिकोचे प्रेक्षकच बेताल, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. मला वेगळं वाटतं. दंड भरणारा एक आणि ओरडणारा दुसरा असेल, तर ओरडणाऱ्याला दंड ही बातमी वाटते, शिक्षा वाटत नाही. त्यातून फिफाने बंदी घातलेला शब्द हा आता अधिकाऱ्यांना चिडवण्याचाही शब्द झाला. संघ हरत असला, महासंघावर राग असला की तोच शब्द जोरात येतो.

बंद दारांच्या शिक्षेचं एक गोड उदाहरण मात्र सांगायलाच हवं. २०११ मध्ये तुर्कस्तानात फेनरबाचे क्लबच्या चाहत्यांनी मैदानात घुसून गोंधळ घातला होता. शिक्षा ठरली ती रिकाम्या स्टेडियमची. तिथल्या महासंघाने तेवढ्यात एक बदल केला. पुरुषांना बंदी, पण स्त्रिया आणि बारा वर्षांखालची मुलं फुकट आत येऊ शकतील. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मनिसास्पोरविरुद्धच्या सामन्याला ४१ हजारांहून जास्त स्त्रिया आणि मुलं आली. खेळाडूंनी गर्दीकडे फुलं फेकली. सामना १-१ असा सुटला. गोंगाट होता, घोषणा होत्या, संघाची गाणी होती. बायका आल्या की मैदान सभ्य होतं, असला भाबडा अर्थ मी यातून काढणार नाही. मुद्दा वेगळा आहे. एवढ्या स्त्रियांना सामना बघायचा होता आणि त्या एरवी घरी बसत होत्या. त्यांना घरी बसवणाऱ्या गोष्टींत शिव्यांचा वाटा किती असेल, याचा अंदाज कुणीही करावा.

आता कायद्याकडे. इंग्लंडने या बाबतीत बरेच कायदे केले, कारण त्यांना करावेच लागले. १९८५ साली ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर लिव्हरपूलच्या समर्थकांनी युव्हेंटसच्या प्रेक्षकांवर चाल केली, भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. इंग्लिश क्लब पाच वर्षं युरोपातल्या स्पर्धांतून बाहेर फेकले गेले. त्याच वर्षी मैदान दिसेल अशा जागी दारू पिण्यावर बंदी आली, ती आजही आहे. १९९१ च्या कायद्याने तीन गोष्टी गुन्हा ठरवल्या. वस्तू फेकणं, मैदानात उतरणं आणि अश्लील किंवा वंशद्वेषी घोषणा देणं. घोषणा म्हणजे काय, याची व्याख्या तेव्हा अशी होती की दोघांनी किंवा अधिकांनी मिळून तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हटले पाहिजेत. एकटाच माणूस बोंबलत असेल तर तो या कलमातून सुटायचा! १९९९ मध्ये दुरुस्ती करून ‘एकट्याने किंवा मिळून’ असं घालावं लागलं. कायद्याने शिवी पकडायला जावं तर ती अशी निसटते.

इंग्लंडचं खरं हत्यार म्हणजे व्यक्तीवर घातलेली बंदी. फुटबॉलशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला न्यायालय किमान तीन आणि जास्तीत जास्त दहा वर्षं मैदानापासून दूर ठेवू शकतं. देशाचा संघ परदेशी खेळायला गेला की त्याला स्वतःचा पासपोर्ट पोलिसांकडे जमा करावा लागतो. २०२३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर एक माणूस १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेतल्या ९७ मृतांची टिंगल करणारा आकडा आणि शब्द पाठीवर छापलेला शर्ट घालून आला होता. त्याला चार वर्षांची बंदी आणि हजार पौंडांचा दंड झाला. त्याच्या क्लबला नव्हे, त्याला.

स्कॉटलंडने मात्र पाय खोलात घातला. ग्लासगोत सेल्टिक आणि रेंजर्स यांच्यात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असं जुनं वैर आहे, आणि दोन्हीकडच्या गाण्यांत ते ओतप्रोत भरलेलं आहे. २०१२ मध्ये तिथे खास फुटबॉलच्या प्रेक्षकांसाठी एक कायदा लागू झाला. सुज्ञ माणसाला आक्षेपार्ह वाटेल आणि ज्यातून दंगा भडकू शकेल असं कोणतंही वर्तन त्यात गुन्हा ठरत होतं. कुठलं गाणं राजकीय, कुठलं धार्मिक, कुठलं नुसतंच वाह्यात, हे गॅलरीखाली उभ्या असलेल्या हवालदाराने ठरवायचं. नाटकाच्या थिएटरात चालणारं वाक्य फुटबॉलच्या मैदानावर गुन्हा का, असा सवाल चाहत्यांनी केला. न्यायाधीशांनीही कायद्याच्या भाषेवर ताशेरे मारले. सहा वर्षांत, २०१८ साली, तो रद्द झाला. शिवीगाळ, दगड आणि जातधर्मावरून हिणवणं या तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या की असं होतं.

त्या तीन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत. पंचाला आंधळा म्हणणं, समोरच्या संघाला भित्रा म्हणणं, आपल्याच सेंटर फॉरवर्डच्या सात पिढ्या काढणं हे कानाला बरं वाटत नाही, पण ते मैदानाबरोबर संपतं. एखाद्याची जात, धर्म, रंग काढणं त्याच्याबरोबर घरी जातं. आणि बाटली किंवा दगड थेट डोळा फोडतो. पहिल्याला क्लबने समजावावं, दुसऱ्याला कायदा लावावा आणि तिसऱ्याला त्याच क्षणी बाहेर काढावं. दुसऱ्या प्रकारासाठी आता पंचांकडे तीन पायऱ्या असतात. आधी खेळ थांबवून घोषणा करायची, मग खेळाडूंना आत न्यायचं आणि तरीही थांबलं नाही तर सामना रद्द. ऑक्टोबर २०१९ मध्ये सोफियात बल्गेरियाच्या प्रेक्षकांनी इंग्लंडच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना माकडांचे आवाज काढून दाखवले, तेव्हा पहिल्याच सत्रात खेळ दोनदा थांबला. इंग्लंड ६-० ने जिंकलं आणि बल्गेरियाच्या महासंघाच्या अध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला.

शिवीतून दगड कसा होतो, हा मात्र वेगळा विषय आहे, आणि इथे आपल्या डोक्यातली एक जुनी समजूत काढून टाकायला हवी. गर्दीत माणसाची अक्कल गहाण पडते, जमाव म्हणजे जनावर, हे मत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रूढ झालं आणि पोलिस खात्यांनी ते मनापासून स्वीकारलं. गेल्या तीस-चाळीस वर्षांतलं संशोधन निराळं सांगतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉट यांनी फुटबॉलच्या गर्दीत फिरून अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की गर्दीत माणूस स्वतःला विसरत नाही, तर ‘मी’ ऐवजी ‘आम्ही’ म्हणून विचार करू लागतो. या ‘आम्ही’चे काही अलिखित नियम असतात. पोलिस नीट बोलत असतील तर गर्दीतलीच माणसं आगाऊ पोरांना गप्प करतात. पण दोघांनी आगळीक केली म्हणून पोलिसांनी सरसकट सगळ्यांवर लाठी चालवली, तर कालपर्यंत त्या दोघांना शिव्या घालणारेही त्यांच्या बाजूने उभे राहतात. २००४ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालच्या शहर पोलिसांनी हे ओळखून साध्या गणवेशात, गप्पा मारत, फक्त गरज पडेल तिथेच हात घालत बंदोबस्त केला. सामन्यांच्या शहरांत इंग्लंडचे चाहते शांत राहिले. गोंधळ झाला तो अल्बुफेरा या पर्यटनस्थळी, जिथे बंदोबस्त दुसऱ्या दलाकडे होता आणि ही पद्धत नव्हती.

गर्दीला जनावर समजण्याची किंमत भयंकर असते. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर माणसं मेली ती मारामारीत नाही. प्रेक्षक मैदानात घुसू नयेत म्हणून लावलेल्या लोखंडी जाळ्यांवर, चुकीच्या दाराने आत सोडलेल्या गर्दीच्या रेट्याने ती चिरडली गेली. मृतांची संख्या पुढे ९७ झाली. दोष आधी दारुड्या, हुल्लडबाज प्रेक्षकांवर ढकलला गेला. तो त्यांचा नव्हता, हे ज्युरीने अधिकृतपणे सांगायला २०१६ साल उजाडलं. आणि १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात मलंगच्या कंजुरुहान स्टेडियमवर यजमान अरेमा हरल्यावर काही प्रेक्षक मैदानात उतरले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तोही गॅलरीकडे. माणसं दारांकडे पळाली आणि १३५ जण गेले. फुटबॉल मैदानात अश्रुधूर वापरू नये, असं फिफाच्या सुरक्षा नियमांत आधीपासून लिहिलेलं आहे.

आपल्याकडे यायला फार लांब जावं लागत नाही. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. मैदानात खेळाडूंची धक्काबुक्की झाली, तिचं लोण गॅलरीत गेलं, चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षक मेले. दोन्ही संघांचे समर्थक एकाच गॅलरीत खेटून बसले होते. तो दिवस कोलकात्यात आजही फुटबॉलप्रेमी दिन म्हणून रक्तदानाने पाळतात. पुढे ९ डिसेंबर २०१२ ला सॉल्ट लेकवर मोहन बागानच्या ओडाफाला लाल कार्ड मिळालं, गॅलरीतून दगड आले आणि त्यातला एक मोहन बागानच्याच रहीम नबीच्या चेहऱ्यावर बसला. मोहन बागान मध्यंतरानंतर मैदानात उतरलं नाही. त्यांच्यावर आधी दोन वर्षांहून जास्त बंदी आली, मग ती मागे घेऊन २ कोटींचा दंड आणि गुणकपात झाली. दगड मारणाऱ्याचं नाव इतिहासात नाही.

भारतात फुटबॉलच्या प्रेक्षकांसाठी स्वतंत्र कायदा नाही. जे आहे ते सर्वसाधारण. सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली गुन्हा आहे. जुन्या दंडविधानात ते कलम २९४ होतं. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जुन्या कलमाबद्दल स्पष्ट केलं, की शब्द नुसते शिवराळ किंवा अपमानकारक असून भागत नाही, त्यात कामुक भावना चाळवणारं काही असावं लागतं. या कसोटीवर मैदानातली बहुतेक शिवीगाळ सुटेल. शांतताभंगासाठी मुद्दाम अपमान करण्याला कलम ३५२ आहे. महाराष्ट्र पोलिस अधिनियमात असभ्य वर्तनाचं कलम ११० आहे, पण त्यातला दंड किरकोळ. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला लोकांदेखत जातिवाचक शिवी दिली तर मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली सहा महिने ते पाच वर्षं तुरुंगवास होऊ शकतो. स्टेडियमची गॅलरी ही लोकांदेखतचीच जागा, हे विसरून चालणार नाही.

आणि आता कोल्हापूर. इथे क्लब म्हणजे कंपनी नव्हे, तालीम. पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. खेळाडू पेठेतला, समर्थक पेठेतले, वर्गणी पेठेची. शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ समोरासमोर आल्या की ईर्षा तिकीट खिडकीपासूनच सुरू होते. विश्वचषकाच्या वेळी ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक लावून चौक वाटून घेणारं हे गाव. अनिकेत जाधव इथूनच २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आणि याच गॅलरीतून अश्लील हातवारे, पाण्याच्या बाटल्या आणि प्रसंगी दगडही येतात. सामने थांबवायची, समर्थकांना आवरायला पोलिसांना मध्ये पडायची वेळ इथे पुन्हा पुन्हा आलेली आहे. आणि स्टेडियममधली खुन्नस रात्री पेठेत उतरण्याचं भय वेगळंच.

वरचं सगळं कोल्हापूरला लावून पाहिलं, तर एक गोष्ट लक्षात येते. मेक्सिकोत दंड फसला, कारण महासंघ आणि ओरडणारा माणूस एकमेकांना ओळखत नाहीत. कोल्हापुरात उलट आहे. बाटली कुणी भिरकावली, हे तालमीच्या कट्ट्यावर रात्री आठच्या आत सगळ्यांना माहीत असतं. तो कुणाचा पोरगा, कुठे कामाला, कुणाच्या शब्दाबाहेर जाणार नाही, हेही माहीत असतं. संघाला जबाबदार धरण्याची पद्धत जगात कुठे चालण्यासारखी असेल तर ती इथे, कारण इथे ‘बाप’ खरोखरच पोराला ओळखतो. पण संघाचे गुण कापून किंवा मंडळाकडून रक्कम वसूल करून ती वापरली, तर फायदा नाही. वर्गणी देणारा म्हातारा भुर्दंड भरेल आणि पोरगा पुढच्या सामन्याला तिथेच उभा असेल. दंड टाळायचा असेल तर नाव द्या, अशी अट हवी. नाव दिलं तर त्या एकट्यावर हंगामभर बंदी आणि संघ मोकळा. नाही दिलं तर दंड संघाला.

पंचांचंही बघायला हवं. निर्णय पटत नसला की गॅलरी पेटते, आणि गावातल्याच पंचावर अमुक पेठेचा असल्याचा शिक्का मारायला कुणाला वेळ लागत नाही. ईर्षेच्या सामन्यांना बाहेरगावचे पंच आणले तर निम्मा धूर तिथेच विरेल. दोन्हीकडच्या समर्थकांना वेगळी दारं आणि वेगळ्या गॅलरी द्याव्यात, झाकणबंद बाटल्या आत येऊ देऊ नयेत, आणि एक गॅलरी कुटुंबांसाठी राखून तिथे पुरेसे दिवे आणि स्वच्छ स्वच्छतागृहं द्यावीत. यातलं काहीच महाग नाही.

अडचण नाव देण्याची आहे. तालमीच्या कारभाऱ्याला महापालिकेची निवडणूक दिसत असते. ज्याच्या हातात बाटली तोच प्रचाराच्या गाडीवर झेंडा धरणार असतो. आपल्या पोराचं नाव पहिल्यांदा देणारी तालीम पेठेत फितूर ठरेल, म्हणून कुणीच पहिला नंबर लावत नाही. त्यामुळे ही अट सामना पेटल्यावर लावून उपयोग नाही. हंगामाआधी केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) बैठकीत सगळ्या संघांच्या सह्या एकाच कागदावर घ्यायच्या आणि नाव देणं कारभाऱ्याच्या मर्जीवर सोडायचं नाही. सामन्याचं चित्रीकरण पाहून ओळख पटवायला प्रत्येक संघाचा एक माणूस एकाच टेबलाशी बसवायचा. म्हणजे नाव कुणी दिलं, हे पेठेला कळायचं कारणच उरत नाही.